वाचलेल्याने आनंद करावा काय?

संकटातून आपण वाचलो आणि शेजारी बुडाला, तर वाचलेल्याने काय करावे? देवाची उपकारस्तुती करावी, हे उत्तर कोणीही देईल, व ते खरे आहे. परंतु उपकारस्तुती आणि शेजाऱ्याच्या नाशाबद्दलचा आनंद ह्या दोन गोष्टी अंतःकरणात इतक्या लगत राहतात की, पहिलीच्या मागून दुसरी केव्हा आत शिरली हे आपणांस कळत नाही. ह्याचा विचार करण्यास मोंगोल राजा हुलागू खान ह्याच्या चरित्रातील एक प्रसंग फार उपयोगी आहे.

हुलागू हा चंगीझ खानाचा नातू. त्याचा बाप तोलुई व आई सोर्गाख्तानी बेकी. ही बाई केराईत नावाच्या जमातीतली होती. ज्यांस नेस्तोरी म्हणतात त्या पूर्वेकडील मंडळीच्या द्वारे ख्रिस्ती धर्म त्या जमातीत फार पूर्वी पोहोचला होता, आणि सोर्गाख्तानी स्वतः ख्रिस्ती होती. विधवा झाल्यावर तिने मोंगके, कुब्लाई, हुलागू व अरिक बोके ह्या चार पुत्रांस मोठ्या शहाणपणाने वाढविले. मोंगके १२५१ साली महाखान झाला. कुब्लाई पुढे चीनचा बादशहा झाला. हुलागूची पट्टराणी दोकुझ खातून हीही केराईत व ख्रिस्ती होती. तिच्या छावणीच्या दाराशी तंबूचे प्रार्थनामंदिर असे व तेथे घंटा वाजे, असे इराणी इतिहासकार रशीदुद्दीन लिहितो. हुलागूचा स्वतःचा कल मात्र बौद्ध मताकडे होता.

मोंगकेच्या आज्ञेवरून हुलागू १२५३ साली मोठे सैन्य घेऊन पश्चिमेस निघाला. १२५६ साली त्याने इराणच्या डोंगरातील आलमूतचा किल्ला घेतला आणि १२५८ च्या जानेवारीत बगदादेस वेढा घातला. पाचशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली अब्बासी खिलाफत त्या नगरीत नांदत होती. १० फेब्रुवारीस खलीफा अल्-मुस्तासिम शरण आला. तरी नगरी वाचली नाही. कित्येक दिवस लूट व कत्तल चालली. मेलेल्यांची संख्या कोणी आठ लक्षांपर्यंत नेतात; कमीत कमी धरली तरी ती ऐकून अंगावर काटा येतो. खलीफ्यास गालिच्यात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली तुडविले, असे पुष्कळ इतिहासकार सांगतात. कारण राजरक्त भूमीवर सांडू नये अशी मोंगोलांची समजूत होती.

त्या कत्तलीत ख्रिस्ती लोक वाचले. दोकुझ खातूनने त्यांजसाठी रदबदली केली होती, आणि त्यांचा धर्माध्यक्ष मक्किखा ह्याने त्यांस एका मंदिरात एकत्र केले होते. पुढे हुलागूने त्या धर्माध्यक्षास एक राजवाडाही दिला. बगदाद पडली म्हणून ख्रिस्ती लोकांस आनंद झाला, हे आर्मेनी इतिहासकार किराकोस ह्याच्या लेखावरून दिसते. आणि दुसऱ्या एका आर्मेनी लेखकाने हुलागू व त्याची राणी ह्यांस कॉन्स्टंटाइन बादशहा व त्याची माता हेलेना ह्यांची उपमा दिली.

ह्यांत दोष कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे. दोकुझ खातूनने रदबदली केली ह्यात दोष नाही. एस्तेर राणीनेही आपल्या लोकांसाठी राजापुढे विनंती केली. जे मंदिरात दडून वाचले त्यांचाही दोष नाही; जीव वाचविणे हे पाप नव्हे. खलीफ्यांच्या अमलाखाली त्यांनी जाचक कर दिले व पुष्कळ अपमान सोसले, हेही खोटे नाही. परंतु त्याच नगरीत पाच शतके त्यांचे वैद्य मुसलमानांची नाडी पाहत आले. हुनैन इब्न इसहाक ह्यासारख्या ख्रिस्ती विद्वानाने ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ तेथेच अरबीत आणिले. बाहेर जे मरत होते ते परके नव्हते. एका पाण्यावर, एका बाजारात वाढलेले ते शेजारी होते. त्यांच्या मरणाचा आनंद, हाच दोष.

अशा आनंदाचा पाया किती ढिसूळ असतो, हे लवकरच दिसून आले. १२६० च्या जानेवारीत हुलागूने हलब शहर घेतले, तेव्हा तेथील मंदिरात आश्रयास गेलेले ख्रिस्ती लोकही मोंगोलांच्या तरवारीस बळी पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये मोंगोल दमास्कसात शिरले. त्यांच्या जोरावर तेथल्या ख्रिस्ती लोकांनी क्रूस उंच करून रस्त्यांतून मिरवणुका काढिल्या व मुसलमानांच्या उपवासाच्या महिन्यात उघडपणे द्राक्षारस पिऊन त्यांस डिवचले. ३ सप्टेंबरास इज्रेलाच्या खोऱ्यात ऐन जालूत येथे मिसराच्या सुलतानाने मोंगोलांचा मोड केला, आणि त्यांचा ख्रिस्ती सेनापती कितबुका मारला गेला. ही वार्ता पोहोचताच दमास्कसात ख्रिस्ती लोकांची घरे लुटली गेली, माणसे मारली गेली, मरीयेचे मोठे मंदिर जाळले गेले. १२६५ साली हुलागू वारला, व त्याच वर्षी दोकुझ खातूनही वारली. पुढे १२९५ साली त्याचा पणतू गाझान मुसलमान होऊन गादीवर बसला, तेव्हा मंदिरे पाडण्यात आली व धर्माध्यक्ष तिसरा याबल्लाहा ह्यास मराघा येथे धरून मारहाण झाली. राजाची कृपा तीन पिढ्याही टिकली नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘तर मग दिवस पालटतात म्हणून आनंद करू नये.’ बंधुजनहो, हे व्यापाऱ्याचे शहाणपण झाले. दिवस कधीच पालटले नसते तरी तो आनंद अयोग्यच ठरला असता. यरुशलेमेच्या नाशाच्या दिवशी अदोमी लोकांनी आनंद केला, त्याबद्दल ओबद्या संदेष्ट्याने त्यांस किती कडक शब्दांनी दोष दिला आहे! तेथे त्यांची हार-जीत मोजली नाही. भावाच्या विपत्तीकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, हे मोजले. बाबेल बगदादेपासून सुमारे ५० मैलांवर आहे. त्या बाबेलात बंदीत पडलेल्या यहूद्यांस यिर्मयाने पत्र पाठविले, त्यात ज्या नगराने त्यांस बंदीत नेले त्याच्याच कल्याणासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. आणि अब्राहामाकडे पाहा. सदोमात त्याचा पुतण्या लोट राहत होता. ‘प्रभू, माझ्या लोटास वाचीव,’ एवढेच मागून तो थांबू शकला असता. त्याने सगळ्या नगरासाठी विनवणी केली.

आपण लहान मंडळ्यांतील माणसे. आपल्यापुढे नगरे जळत नाहीत. परंतु ज्याने एके काळी आपणांस दाराबाहेर उभे केले, त्याचे पीक बुडते, त्याच्या घरी साथ शिरते, सरकारदरबारी त्याचा पराभव होतो. त्या दिवशी आपल्या घरी प्रार्थना होते. तेव्हा आपल्या उपकारस्तुतीत त्याच्या दुःखाचा गोडवा मिसळला आहे काय, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. उपदेशकांनी तर हे अधिक जपावे. कारण लोक आपल्या प्रार्थनेचे शब्द घरी नेतात.

बगदादेच्या त्या मंदिराचे दार कत्तल थांबल्यावर उघडले असेल. बाहेर जखमी होते, अनाथ लेकरे होती, पुरावयाची प्रेते होती. वाचलेल्यांस देवाने हात शाबूत ठेविले होते, ते कशासाठी? हाच प्रश्न आपणांसही आहे. ‘आमेन’ म्हणून झाल्यावर उठावे, आणि ज्याचे घर बुडाले आहे त्याच्या दाराशी जावे.