मंचूरियन चालतं, माणूस?

नांदेड-लातूरच्या नाक्यानाक्यावर आज 'चायनीज'च्या गाड्या लागतात. पोरं मंचूरियन ओरपतात. ते पहिल्यांदा १९७५ साली मुंबईत केल्याचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी आचाऱ्याला देतात. त्याच्या तेरा वर्षं आधी, १९६२च्या युद्धात, याच देशानं सुमारे ३,००० भारतीय चिन्यांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. गुन्हा काय? चिनी वंशात जन्मले!

अमेरिकेचंही तेच. सॅन फ्रान्सिस्कोत गोऱ्यांना चिन्याच्या खानावळीतलं स्वस्त जेवण चालायचं. पण १८८२च्या कायद्यानं चिनी मजुराला देशाचं दार बंद झालं, ते १९४३ला उघडलं.

मग सवाल हा, की हातचं खाल्लं म्हणजे माणूस मानला का?

आपल्याकडं तर हातचंही चालत नव्हतं. हॉटेलात आपली कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली. पिऊन आपणच विसळायची. घटनेच्या १५व्या कलमानं हॉटेलचं दार उघडलं. तो हक्क मोठाच, तो सोडायचा नाही. पण त्याच हक्काच्या राज्यात १९७८ला, नामांतराच्या दंगलीत, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं.

बाबासाहेबांनी १९३६लाच बजावलं होतं: सहभोजनानं जात मेली नाही, खरा इलाज रोटीच्या पुढं, बेटीत आहे, आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांवरची श्रद्धा आहे.

म्हणून गाडीवर शेजारी बसून खाणाऱ्या दोस्ताला एवढंच विचारा: घर भाड्यानं देशील? सोयरीक करशील? तिथं तो अडखळला, की समजा, जात अजून त्याच्या घरात जेवतेय.