शस्त्राचा अधिकार आणि मनाची पात्रता

माझा आतेभाऊ लहानपणीच आई-वडिलांबरोबर अमेरिकेला गेला. आता तो तिथला नागरिक आहे आणि टेक्सासमध्ये राहतो. घरात दोन लहान मुले आहेत. मागच्या महिन्यात त्यांच्या शेजारच्या घरात चोरी झाली आणि दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "पिस्तूल घ्यावं म्हणतोय. राज्यघटनेनं दिलेला अधिकार आहे माझा. पण तू हे अध्यात्माचे लेख भाषांतरित करतेस ना, मग सांग, बरोबर की चूक?"

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात शिकते आणि जमेल तशी भाषांतराची सेवा करते. अशा प्रश्नाचे उत्तर देण्याची माझी योग्यता नाही. पण या सेवेने एक सवय लावली आहे, शब्दापाशी थांबण्याची. त्या दिवशी मी 'अधिकार' या शब्दापाशी थांबले.

मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे हक्क. दुसरा म्हणजे पात्रता. 'या विषयात त्यांचा अधिकार मोठा आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा तो दुसरा अर्थ असतो. हक्क कायदा देतो, पात्रता मात्र स्वतः मिळवावी लागते.

अमेरिकेतील वाद पहिल्या अर्थाचा आहे. तेथील राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये झाली. तिच्या एकाच वाक्यात सुव्यवस्थित नागरी सेनेची गरज आणि लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क असे दोन्ही उल्लेख आहेत. हा हक्क त्या सेनेपुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर दोन शतके वाद चालला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही, असेही म्हटले होते. २०२४ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सांगितले की, ज्याच्यापासून जोडीदाराच्या जिवाला धोका आहे असे न्यायालयात ठरले आहे, त्याच्याकडे तात्पुरते शस्त्र राहू न देणे घटनेला धरून आहे.

हक्काच्या बाजूने बोलणाऱ्यांना आपण चटकन हिंसाप्रिय ठरवतो. तसे करू नये. नि:शस्त्र प्रजेवर जुलूम करणे सोपे जाते, ही त्यांची भीती आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने भारतीयांच्या शस्त्रांवर बंधने घातली होती. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. पुढे संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. शस्त्र कोणाकडे असावे यावर राज्याचे नियंत्रण हवे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या संविधानाने नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला.

आता दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे पात्रतेकडे येऊ. महाभारताच्या शेवटी अश्वत्थामा आणि अर्जुन यांनी एकमेकांसमोर अस्त्रे सोडली, तो प्रसंग आपल्याला माहीत आहे. ऋषींनी मध्ये उभे राहून अस्त्रे मागे घ्यायला सांगितले. अर्जुनाने घेतले. अश्वत्थाम्याला ते जमेना. सोडण्याची विद्या दोघांकडे होती, आवरण्याची एकाकडेच होती. द्रोणाचार्यांना मुलाचा उतावळा स्वभाव ठाऊक होता, तरी त्याच्या हट्टापुढे त्यांनी ती विद्या दिली. पुढे त्या अस्त्राचा आघात उत्तरेच्या पोटातील गर्भावर झाला. हक्क मिळाला, पात्रता नव्हती, आणि किंमत मोजली तिसऱ्याच जिवाने.

पिस्तुलाच्या बाबतीत तर आपण सगळेच अश्वत्थामा आहोत. सुटलेली गोळी मागे घेण्याची विद्या अर्जुनाकडेही नाही.

अध्यात्माच्या मार्गावरील माणसे पुष्कळदा म्हणतात, "दोष शस्त्राचा नाही, मनाचा आहे. मन बदला, कायद्याने काय होणार?" मीही हेच म्हणत असे. पण दादाच्या प्रश्नामुळे मी आकडे पाहिले. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, मृत्यू हे आत्महत्येचे होते.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. बाहेरच्या शत्रूच्या भीतीने घेतलेले शस्त्र किती घरांत आपल्याच माणसाच्या एका काळ्या क्षणी त्याच्याच हाताला लागले असेल! आम्हाला ताळेबंद शिकवताना सांगतात की मालमत्तेची बाजू लिहिली आणि देयतेची कोरी सोडली, तर तो ताळेबंद नव्हे. दादाने पिस्तूल मालमत्तेच्या बाजूला लिहिले होते. दुसरी बाजू कोरी होती. त्यात दोन मुलांचे कुतूहल होते, नवरा-बायकोचे एखादे कडाक्याचे भांडण होते आणि कोणाच्याही आयुष्यात येऊ शकणारी एक वाईट रात्र होती.

मन बदलायला हवे, हे खरेच आहे. पण मन बदलायला वर्षे लागतात आणि अनर्थ व्हायला एक क्षण पुरतो. तो क्षण टळला, तर बहुतेक माणसे पुन्हा जगण्याकडे वळतात. ध्यानात आपण काय शिकतो? आवेग आणि कृती यांच्यामध्ये थोडी जागा ठेवायला शिकतो. चांगला कायदा तीच जागा बाहेरून निर्माण करतो. कॅलिफोर्नियात बंदूक विकत घेतल्यावर ती हातात येण्यासाठी दहा दिवस थांबावे लागते. टेक्सासमध्ये असा नियम नाही. हे दहा दिवस कोणाला संत करत नाहीत, पण रागाला किंवा निराशेला ओसरायला वेळ देतात. म्हणून साधना आणि कायदा एकमेकांचे विरोधक नाहीत. ज्या दिवशी मन आवरले जात नाही, त्या दिवसासाठी कायदा असतो. आणि असा दिवस आपल्यालाही येऊ शकतो, हे मान्य करणे हीच नम्रता आहे.

हे सगळे मी दादाला सांगितले. तो थोडा चिडला. "पोलीस यायला वेळ लागतो इथे. तू तिकडे सुरक्षित बसून बोलतेस," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्या मुलांच्या उशाशी मी बसलेली नाही. मी एवढेच म्हणाले, "दादा, हक्क तुझाच आहे, तो कोणी काढून घेत नाही. पण भीती ताजी असताना निर्णय घेऊ नकोस. तुझ्या राज्यात थांबायचा नियम नाही, तर तो तूच स्वतःला घालून घे. आणि घेतलंसच, तर ते कुलपात राहील आणि किल्ली कोणाकडे असेल, ते वहिनीशी आधी बोल."

तो म्हणाला, "महिनाभर थांबतो." महिना अजून संपलेला नाही. तो काय ठरवेल, मला माहीत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती पिस्तूल कधीच येणार नाही. पण तोंडातून सुटलेला शब्द, रागात पाठवलेला निरोप, मुलांवर उगारलेला हात यांवर आपण रोजच हक्क सांगत असतो. पुढच्या वेळी 'हा माझा अधिकार आहे' असे मनात येईल, तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारावे: हे सोडल्यावर मला मागे घेता येईल का?