पट्टा, जनुक आणि घडी

पिकल्या केळ्यांवरचं चिलट आपण सहज हातानं उडवून लावतो. या फळमाशीच्या अळीची लाळग्रंथी काचपट्टीवर घ्या, रंगद्रव्याचा थेंब सोडा, वर काच ठेवून अंगठ्यानं दाबा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. गडद-फिकट आडव्या पट्ट्यांच्या जाडजूड दोऱ्या दिसतात. ही गुणसूत्रं. एकेकाच्या हजारभर प्रती एकमेकींना बिलगून असतात, म्हणून ती इतकी ठसठशीत.

जनुकं गुणसूत्रावर एका ओळीत असतात, हे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1913 मध्ये संकरांच्या आकडेमोडीतून दाखवलं होतं. पण ती ओळ कागदावरची होती. थिओफिलस पेंटर यांनी 1933 मध्ये तिची सांगड लाळग्रंथीतल्या पट्ट्यांशी घातली. दोनच वर्षांनी कॅल्विन ब्रिजेस यांनी पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे काढले आणि गुणसूत्रांचे 102 विभाग पाडले. पुढच्या मोजणीत पट्टे सुमारे पाच हजार भरले. एक पट्टा म्हणजे एक जनुक, ही कल्पना मग मनात घर करून बसली. 1972 मध्ये बर्क जड आणि सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्राचा छोटा भाग तपासला, तेव्हा तिथं जितके पट्टे, जवळपास तितकीच जनुकं निघाली.

2000 साली फळमाशीच्या डीएनएचा क्रम वाचला गेला आणि जनुकं सुमारे 13,600 असल्याचं कळलं. पाच हजारांचा मेळ बसेना.

मग पट्टा म्हणजे नेमकं काय? त्याची चुणूक 1930 मध्येच मिळाली होती. हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांचा मारा केलेल्या माश्यांच्या पुढच्या पिढीत काहींचे डोळे लाल-पांढऱ्या ठिपक्यांचे निघाले. डोळ्याला लाल रंग देणारं जनुक शाबूत होतं, फक्त ते गुणसूत्राच्या घट्ट आवळलेल्या भागाशेजारी जाऊन पडलं होतं. काही पेशींत ते चालू राही, काहींत गप्प होई. अक्षरं तीच, शेजार बदलला आणि डोळा बदलला.

2015 मध्ये स्टॅनफर्डमध्ये रॉजर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेनं डीएनएचा कुठला भाग कुठल्या भागाला भिडतो, हे मोजलं. प्रत्येक पट्टा ही डीएनएची एक घट्ट घडी निघाली. एकेका गुणसूत्राच्या इतक्या प्रती नसलेल्या साध्या पेशींतही घड्यांच्या सीमा त्याच जागी होत्या. म्हणजे घडी कुठं पडावी, याची खूण क्रमातच असावी. विशिष्ट प्रथिनं ती ओळखून तिथं बसत असावीत.

ब्रिजेस यांनी काढलेल्या ज्या रेषांना पुढं जनुकं मानलं गेलं, त्या घड्या होत्या. अर्थ चुकला, निरीक्षण चुकलं नाही. म्हणूनच ब्रिजेस यांनी पाडलेल्या विभागांत आजही जनुकाचा पत्ता सांगितला जातो. अर्थ लावण्याची घाई प्रत्येक पिढी करतेच. पण डोळ्यांना दिसलं ते इमानानं उतरवून ठेवलं, तर पुढची पिढी त्याचा अर्थ नव्यानं लावू शकते.