एका रात्रीपुरते

सुटीच्या रात्री जंगलाच्या कडेला लागलेले तंबू, त्यांच्यावरून ताणलेल्या दिव्यांच्या माळा आणि मध्यरात्र उलटली तरी न थांबलेले ध्वनिवर्धक ही दृश्ये या आठवड्यात सर्वांनीच मोबाइलवर पाहिली असल्याने त्यांचे वर्णन करीत बसण्याचे कारण नाही. विचार करायला हवा तो त्यांच्या समर्थनाचा. पैसे मोजले आहेत, मुलांना निसर्ग दाखवायचा आहे, गावातल्या तरुणांना रोजगार मिळतो, ही समर्थने नेहमीची आहेत आणि त्यांतल्या शेवटच्यात तथ्यही आहे. मात्र ज्या वाक्यापुढे बाकीचे सर्व प्रश्न गप्प होतात ते वाक्य वेगळेच आहे: ‘एका रात्रीपुरता तर प्रश्न आहे!’

ज्या कुटुंबाने शनिवारी तंबू घेतला त्याची रात्र एकच असते, हे खरे आहे. परंतु त्याच जागेवर रविवारी दुसरे कुटुंब येते, सोमवारी एखाद्या कार्यालयाचा गट येतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामाच्या 120 रात्रींपैकी प्रत्येक रात्र कोणाची तरी ‘एकच रात्र’ ठरते. एकेकाची एक रात्र जोडत गेले की जमिनीच्या वाट्याला स्वतःची अशी रात्र उरत नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ पर्यटकांच्या गाड्यांनी एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट अडवली, तेव्हाही प्रत्येक गाडीला आपण क्षणभरच थांबलो असे म्हणता आले असते; वाघिणीच्या दृष्टीने मात्र ते सगळे क्षण एकाच वेळी आले होते, आणि म्हणूनच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

या वाक्याला कायद्यातही एक जागा सापडलेली आहे. संरक्षित जंगलाच्या सीमेबाहेर जो पट्टा आघात झेलण्यासाठी राखला जातो त्याला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणतात, आणि अशा क्षेत्रांच्या बहुतेक अधिसूचनांमध्ये जंगलाच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत नव्या व्यावसायिक हॉटेलांना मनाई करताना निसर्ग पर्यटनासाठीच्या लहान, तात्पुरत्या बांधकामांना सूट दिलेली असते. सूट देण्यामागचा हेतू चांगलाच होता. पण तंबूचे कापड तात्पुरते असले तरी त्याखालचा सिमेंटचा ओटा, मागचा संडास, जनरेटरची खोली आणि गाड्या उभ्या करण्यासाठी सपाट केलेली जमीन ही तात्पुरती नसतात. कापड गुंडाळल्यावरही ती तिथेच राहतात. आणि पाचोळा! सागाच्या पानांचा जो थर जमिनीची ओल धरतो, ज्याच्या खाली किड्यामुंग्यांचे आणि त्यांवर जगणाऱ्या पाखरांचे आयुष्य चालते, तो थर ‘स्वच्छता’ म्हणून झाडून एका कोपऱ्यात पेटवला जातो. याविषयी या स्तंभात पूर्वी लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहावे लागेल, कारण 15 फेब्रुवारी ते 15 जून हा काळ वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम असताना जो मुक्काम आपल्या अंगणातला पाचोळा जाळतो, त्याला जंगलाचा शेजार मिळण्याचा अधिकार नाही.

मौदा गावातल्या कुटुंबाला जंगलात रात्र काढावीशी वाटणे यात गैर काहीच नाही. गावाशेजारी एनटीपीसीचा 2320 मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, जवळून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो आणि दोहोंचे दिवे रात्रभर जळतात, त्यामुळे इथल्या मुलाने आकाशगंगा पुस्तकातच पाहिलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या मुलाला काळोख दाखवणे हे आईवडिलांचे कर्तव्यच मानले पाहिजे. त्यासाठीची जागाही दूर नाही. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचे क्षेत्र, अशी मान्यता मिळाली, आणि तिच्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतील 100 हून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीकडे वळवण्यात आला. त्याच पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग 44 खाली वन्यप्राण्यांना ओलांडण्यासाठी नऊ ठिकाणी वाटा ठेवल्या गेल्या, आणि वाघासह 18 जातींचे प्राणी त्या वापरत असल्याचे कॅमेऱ्यांत नोंदले गेले. गावकऱ्यांनी आपल्या दारापुढचा दिवा खाली वळवायचा आणि शहरातून आलेल्या पाहुण्याने त्याच रानाच्या तोंडाशी हॅलोजन लावून जेवायला बसायचे, याला पर्यटन म्हणता येत नाही.

रात्र हा जंगलाचा कामाचा प्रहर आहे. उजेड आणि आवाज यांमुळे रानडुकरांचा कळप काठ सोडून शेताकडे वळला की जागलीला, म्हणजे पिकाच्या रात्रराखणीला, मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याची रात्र अवघड होते, आणि ती एकच नसते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. हा नियम माणसांच्या वस्तीइतकाच रानालाही लागू आहे. इथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गावाच्या कडेला पाल ठोकणाऱ्या भटक्या कुटुंबाला अजूनही कुठे कुठे उठवले जाते, आणि तीच कड हंगामात तंबूंसाठी भाड्याने दिली जाते. कापड दोन्हीकडे सारखेच असते.

जागेची निवड ही म्हणून आवडीची नव्हे, जबाबदारीची बाब ठरते, आणि तिचे बरेचसे निकष साधे आहेत. सातपुड्यातून येणारी कन्हान नदी कामठीजवळ पेंच नदीचे पाणी घेऊन मौद्याकडे येते. तिच्या वाळवंटात तंबू ठोकण्याची कल्पना चांदण्यात मोहक वाटली, तरी वाळू उपसून झालेले खोल डोह वरून दिसत नाहीत, आणि 2020 च्या ऑगस्टअखेर तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडल्यावर याच नदीच्या पुराने या भागातील गावांचे काय केले ते इथे कोणाला सांगायला नको. तंबू उंचवट्यावर, वाळक्या फांद्यांपासून दूर, आणि पाण्यापासून इतक्या अंतरावर असावा की प्राण्यांची पाण्याची वाट अडणार नाही. लहान मुलांना जमिनीवर निजवू नये. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश झोपेत जाणवतही नाही, आणि खाटेवरची मच्छरदाणी नीट खोचलेली असेल तर हा धोका पुष्कळ टळतो. तंबूला दुसरा पर्याय गाडीचा. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. तिच्यासाठी राज्याने 2021 मध्ये धोरण जाहीर केले असून कॅराव्हॅन पार्क ही राखीव जागेची कल्पना त्यात आहे. अशा गाडीने जाणाऱ्याने एकच गोष्ट विचारून घ्यावी: संडासाची टाकी कुठे रिकामी होते? ‘मागच्या नाल्यात’ असे उत्तर आले तर गाडी परत फिरवावी. कोकणात जाणाऱ्यांनीही जागा अशीच पारखून घ्यावी, कारण वेळास किंवा आंजर्ल्याच्या वाळूतून निघालेले ऑलिव्ह रिडले कासवाचे पिल्लू समुद्रावरच्या फिकट उजेडाच्या दिशेने चालते आणि किनाऱ्यावर तंबूंचे दिवे असतील तर ते उलट दिशेने चालू लागते.

गावातल्या तरुणांच्या रोजगाराचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. काळोख विकून पोट भरणे हे दिव्यांच्या माळा विकून भरण्यापेक्षा अवघड असणार. तरीही गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय ते सुरूही होणार नाही. पुढच्या शनिवारसाठी जागा ठरवण्यापूर्वी वाचकांनी दूरध्वनीवर एवढे विचारावे की रात्री दिवे किती वाजता बंद होतात, आणि पलीकडून ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ असे उत्तर आले तर तिथे जाऊ नये.