शिल्लक उरल्यास

सुख म्हणजे काय, याचा शोध घेण्यात मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांनी उभी हयात घालवली म्हणतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि थोडी कीवही आहे. त्यांच्यापैकी एखादा जरी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला असता, तर पुढचा बराच कागद वाचला असता.

कारण त्या वेळी आमच्या तव्यावर ज्वारीची भाकरी असते. ती टम्म फुगते आणि तशीच माझ्या ताटात येते. बोटाने तिचा पापुद्रा फोडला की आतली वाफ निघते, आणि त्या वाफेबरोबर आठवडाभराची येणी, देणी, नापास झालेले चेक आणि साहेबाचा चेहरा, सगळं वर निघून जातं. शेजारी कारळाची चटणी, तीवर गोड्या तेलाची धार आणि मुठीने फोडलेला कांदा. एवढ्यावर माणूस सुखी होत नसेल तर त्याने डॉक्टरला दाखवावं. तत्त्ववेत्त्याकडे जाऊ नये.

दुसरं सुख अंघोळीचं. आता अंघोळीत काय एवढं, असं कोकणातला माणूस विचारील. त्याला आभाळातून फुकट मिळतं. मी बीड जिल्ह्यातला आहे. बालाघाटच्या डोंगराखालचं आमचं तालुक्याचं गाव. इथे नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना पेढे तेवढे वाटत नाहीत, बाकी सगळा आनंद मुलगा झाल्यासारखाच असतो. त्यामुळे उन्हाळ्यात गार पाण्याची भरलेली बादली पुढे घेऊन बसायचं आणि साबण लावायच्या आधी नुसतेच तीन-चार तांबे खांद्यावरून सोडायचे, यात जे सुख आहे ते इंद्रालाही नसावं. त्याच्याकडे पाऊसच आहे, त्याला एका तांब्याची किंमत काय कळणार?

मी बँकेत कारकून. अलीकडे आमच्या पदांना भारदस्त इंग्रजी नावं आली आहेत, पण बसायची खुर्ची तीच आहे आणि तिचा एक पायही अजून तसाच आखूड आहे. त्यातून मी पडलो बी.कॉम. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न मला जमा आणि नावे अशा दोन बाजूंनीच दिसतो. दानधर्माचाही तसाच दिसायचा. माझा सिद्धान्त साधा होता : आधी मिळकत, मग खर्च, मग बचत, आणि त्यानंतर शिल्लक उरल्यास परोपकार. सिद्धान्त निर्दोष होता. फक्त वीस वर्षांत शिल्लक एकदाही उरली नाही. शिल्लक उरत नाही म्हणून परोपकार होत नाही, आणि त्यात माझा काही दोष नाही, हे मला आकड्यांनिशी सिद्ध करता येत होतं. माणसाने शिकावं ते यासाठीच.

या सिद्धान्ताला तडा गेला तो 2016 च्या मार्च महिन्यात, मोरीमध्ये.

ते वर्ष मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शेजारच्या लातूरला पुढे एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीने दहा डब्यांतून पाच लाख लिटर आलं तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले होते. पूर्वी पुढारी आला की जायचे, या वेळी पाणी आलं म्हणून गेले. मला तो बदल चांगला वाटला. आमच्या गल्लीत आम्ही चार घरांनी वर्गणी काढून टँकर आणवायचो. माझ्या वाट्याला हजार लिटर यायचं आणि ते आठ दिवस पुरवायचं असायचं. मी ताबडतोब वही घातली. माणसं चार, दिवस आठ, म्हणजे दरडोई दररोज सव्वाएकतीस लिटर. रोज रात्री टाकीत काठी घालून पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. घरच्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं होतं, पण हिशेब जुळत होता.

आमच्या घरामागे एक पत्र्याचं खोपट आहे. तिथे एक म्हातारी, तिचा सात-आठ वर्षांचा नातू आणि एक शेळी राहायची. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेली. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडायचं. बँकेत आम्ही कर्जाला घर, जमीन, सोनं तारण घेतो. उचलीला माणूसच तारण पडतो. मागे घरी राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुलपं. सबंध महाराष्ट्राचा चहा गोड व्हावा म्हणून आमच्याकडची निम्मी-अधिक घरं अशी निम्मं वर्ष अर्धी असतात. चहात साखर टाकताना हे लक्षात येत नाही, ही साखरेची चूक नाही.

तर मार्चमधला एक रविवार. भाकरी व्हायच्या आधी अंघोळ उरकावी म्हणून मी पंचा खांद्यावर टाकला होता. एवढ्यात मागच्या दारी म्हातारी उभी राहिली. हातात रिकामा हंडा.

"लेकरा, हांडाभर पानी असलं तर बघ की. टँकर काय अजून आला न्हाई वस्तीवर."

माझ्या डोळ्यांपुढे वही उभी राहिली. हंडा म्हणजे पंधरा लिटर. पंधरा लिटर म्हणजे अर्धा माणूस एक दिवस. आज हंडा दिला तर उद्या पुन्हा येईल. तिला दिला तर पलीकडचीही येईल. मग एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हा अन्याय होईल. आणि मला अन्याय खपत नाही. तेव्हा न्यायाची बाजू घेऊन मी म्हणालो, "मावशी, आमचंच संपलंय हो."

ती म्हणाली, "बरं लेकरा." आणि गेली. एवढंच. दोन शब्द जास्त बोलली असती तर मला रागवायला तरी जागा झाली असती.

मी मोरीत गेलो. बादली भरलेली. पहिला तांबा, दुसरा तांबा, तिसरा. अहाहा! मग साबण घेतला आणि नखशिखान्त लावला. डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून मान वर केली, ती नेमकी झरोक्यापाशी. बाहेर पाहिलं. आमच्या मोरीचं पाणी ज्या नळकांड्यातून मागच्या बोळात पडतं, त्याच्याखाली म्हातारीने घमेलं लावलं होतं. माझ्या अंगावरून निघालेले ते तीन तांबे तिने त्यात धरले होते आणि शेळीला पाजत होती. साबणाचं पाणी यायला लागलं तसं तिने घमेलं बाजूला घेतलं आणि धार थांबते की पुन्हा चांगली होते, ते बघत उभी राहिली.

वाचकहो, माणूस हजार ठिकाणी खोटं बोलतो. मीही साहेबांशी बोलतो, सौ.शी बोलतो, विम्याच्या एजंटाशी तर रोज बोलतो. पण तोंडाने 'पाणी संपलंय' म्हणावं आणि दोन मिनिटांत आपल्याच मोरीने बोळात जाऊन खरं सांगून यावं, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. आता माझी अवस्था पाहा. अंगभर साबण. तो धुवायचा तर पुरावा आणखी वाहणार. न धुवावा तर बाहेर यायचं कसं? अखेरीस मी तो साबण पंचाने पुसून काढला आणि तसाच कपडे चढवून पाटावर येऊन बसलो. दिवसभर अंगाला खाज सुटली होती. मनाचं म्हणाल तर तिथेही साधारण तेच चाललं होतं.

भाकरी फुगली, ताटात आली, तिची वाफही निघाली. पण त्या वाफेबरोबर काहीच वर गेलं नाही. मी सौ.ला सगळं सांगितलं. तिने तवा खाली उतरवला, हंडा भरला आणि काही न बोलता मागच्या दाराने गेली. परत आली ती एकच वाक्य बोलली : "अहो, गार पाण्याची अंघोळ तुम्हाला एवढी आवडते, मग तहान म्हणजे काय ते तुम्हालाच आधी कळायला नको का?"

त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. तोवर माझी अशी समजूत होती की सुख भोगणं आणि दुसऱ्याला देणं या दोन उलट दिशांच्या गाड्या आहेत. एक तर आपण खावं, नाही तर त्यागी व्हावं. त्यागी होणं आपल्याच्याने जमणार नाही, तेव्हा खावं. सौ.च्या म्हणण्याप्रमाणे मात्र ज्याला फुगलेल्या भाकरीची चव माहीत आहे, त्यालाच शिळी भाकरी दुसऱ्याच्या पदरात टाकताना लाज वाटेल. ज्याला कशाचीच गोडी नाही तो देईल, पण काहीही देईल आणि पुण्य पदरात पडलं म्हणून मोकळा होईल. म्हणजे सुख भोगण्यात पाप नाही. ते भोगून काहीच न शिकणं, हे मात्र पाप असावं.

आमचे वडील 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला होते. त्या कामांवर सुकडी वाटायचे. शाळेत असताना मी त्यांना विचारलं होतं की सुकडी लागायची कशी? ते म्हणाले, "शेजारी बसून खाल्ली तर गोड लागायची." तेव्हा मला वाटलं, म्हातारा प्रश्न टाळतोय. आता वाटतं, उत्तर पुरं होतं.

राहता राहिला माझा तो शिल्लकेचा सिद्धान्त. तो मी पुन्हा तपासला तेव्हा चूक सापडली, आणि तीही कॉमर्सची निघाली. मी परोपकार नफ्याच्या वाटपात दाखवत होतो. तो तिथे बसतच नाही. तो खर्चात घालायचा असतो, किराणा आणि दळण यांच्या वर. नफा होवो न होवो, दुकानाचं भाडं द्यावंच लागतं, तसं.

आमच्या शेजारी, गोदावरीपलीकडे पैठण आहे. तिथल्या एकनाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराला नेत होते, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं, आणि नाथांनी ती त्याच्या तोंडात ओतली. लहानपणी मला यात भक्ती दिसायची. आता कारकून म्हणून बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. ते पाणी शिल्लक नव्हतं हो! ते देवाच्या नावावर ठेवलेलं होतं. मुदत पुरी व्हायच्या आधी ठेव मोडली, आणि तीही गाढवासाठी. आमच्या शाखेत असा अर्ज आला असता तर मी तीन वेळा परत पाठवला असता.

आणि 2015 च्या डिसेंबरात औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती नावाच्या गृहस्थांनी बायजीपुऱ्यात 'रोटी बँक' काढली. सभासदाने रोज घरच्या दोन ताज्या पोळ्या आणि भाजी जमा करायची. ज्याला भूक लागेल त्याने यावं आणि काढून न्यावं. ती बातमी वाचून धंदेवाईक मत्सराने माझा जीव जळाला. जी बँक पासबुक बघत नाही, सहीचा नमुना ताडत नाही, जामीन मागत नाही आणि जिथे ठेवणारा एक आणि काढणारा भलताच, ती बुडायला हवी की नाही? पण तिथे नियमच मुळी ताज्याचा होता. उरलंसुरलं नव्हे. म्हणजे ज्या पिठात हात घालून आपली पोळी लाटायची, त्याच पिठात आधी त्या दोन धरायच्या.

आमच्या घरी त्या रविवारपासून नियम झाला : टँकर आला की पहिला हंडा मागच्या दारी. मी वही पुन्हा मांडली. हजार वजा पंधरा, भागिले बत्तीस. दरडोई दररोज अर्धा लिटरही कमी झालं नाही. तेवढ्या पाण्यासाठी मी खोटं बोललो होतो, हे गणित वहीत आल्यावर मी ती वहीच बंद केली.

त्या वर्षी पुढे पाऊस चांगला झाला. दिवाळीच्या सुमारास म्हातारी एक दिवस पदरात सीताफळं घेऊन आली. डोंगरातून वेचून आणलेली, डोळे उघडलेली, टपोरी. "पहिली पिकली ती तुमची, लेकरा," म्हणाली. बीडच्या सीताफळाला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. माझं मानांकन काय आहे, ते त्या म्हातारीला ठाऊक असावं. मोरीखालचं घमेलं तिला आठवत होतं की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिनेही सांगितलं नाही.

हे एवढं वाचून मी सुधारलो असा कुणाचा समज होऊ नये. परवाच टँकर आला तेव्हा मी आधी आपली बादली भरून घ्यावी म्हणून गुपचूप मोरीकडे निघालो होतो. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, झरोका उघडा आहे हं."

मी निमूटपणे हंडा उचलला.