आज्ञाधारक

आज्ञाधारकपणा हा थोर सद्गुण, असे लहानपणीच मनावर बिंबवलेले असते. परंतु 'शार्प पीसी-१२११' हा १९८० साली निघालेला खिशातला संगणक पाहिला आणि मला शंका येऊ लागली. त्याला 'बेसिक' भाषा कळते. ती १९६४ साली डार्टमथ कॉलेजातल्या केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी घडवली.

'गोसब' म्हटले की स्वारी नेमून दिलेल्या ओळीवर जाते, काम उरकते आणि 'रिटर्न' दिसताच निघाली तिथे परतते. (वाण्याकडे पाठवलेले आमचे चिरंजीव 'गोटू' जातीचे; गेले ते गेलेच!) 'न्यू' म्हणा, सगळा प्रोग्राम पुसून मोकळा! "साहेब, नक्की ना?" एवढेही विचारत नाही.

आज्ञेचे व्याकरण चुकले तर मात्र लगेच एरर. नीती चुकली तर चकार शब्द नाही! हे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते ना? अर्जात काना-मात्रा चुकली की आम्ही कारकून मंडळी तो परत करतो. अर्ज बरोबर आणि नियमच आंधळा असला, तर "वरून ऑर्डर आहे हो, आजी" म्हणून मान खाली घालतो.

यंत्राला दोष नाही. 'नाही' म्हणायची त्याला सोयच नाही. आपल्याला आहे. म्हणून आज्ञा पाळणाराही पापाचा निम्मा धनीच.

बेसिकमध्ये 'रेम' असा एक शब्द आहे. त्यापुढे माणसाने वाटेल ते लिहावे. यंत्र तिकडे न बघता पुढे जाते. भिंतीवरचे सुविचार बहुधा त्याच शब्दाने सुरू होत असावेत.