काढायला मशीनच नसेल तर?

आप्पाकाकांच्या शेवटच्या तीन महिन्यांत घरात एकही मशीन नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, हॉलमध्ये कॉट, उशाशी औषधांचा डबा. एका रात्री पाणी पाजताना ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग मला बंद कर की." मी हसण्यावारी नेलं. त्याची अजून लाज वाटते.

नंतर कायदा वाचला. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, लिव्हिंग विललाही. पण परवानगी आहे ती उपचार थांबवण्याची, व्हेंटिलेटर काढण्याची. काकांना काही लावलेलंच नव्हतं, तर काढणार काय?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असा पेशंट मरणाचं औषध मागू शकतो. आयुष्य सहा महिन्यांच्या आत संपणार याची दोन डॉक्टरांना खात्री हवी आणि औषध त्याने स्वतःच घ्यायचं. तिथे बरेच जण ते आणून ठेवतात आणि न घेताच जातात. ते हाताशी आहे, एवढाच धीर त्यांना पुरत असावा.

आपल्याकडे असा कायदा हवा का? हवा. पण हे म्हणताना मी अडखळतो, कारण त्याच आठवड्यात काकांनी काकूला विचारलं होतं, "माझ्या औषधांना किती गेले गं?" त्यांना मरण हवं होतं की आमचे पैसे वाचवायचे होते? दोन डॉक्टर हे कसं ओळखणार?

मॉर्फिन आम्हाला मिळालं ते शेवटच्या नऊ दिवसांत. त्यानंतर काका 'बंद कर' म्हणाले नाहीत. क्रिकेटचा स्कोअर मात्र विचारायचे.